मोटरची उरलेली केबल ड्रिल मशीनला नको

आमच्या डोंगरकडा गावाचं शिवार केळीचं आणि उसाचं. बोअरात पाणबुडी मोटर सोडलेली आणि तिची उरलेली चपटी केबल गोठ्यात खुंटीला टांगलेली, हे घरोघरचं चित्र. ड्रिल मशीनची वायर तुटली की हात आधी त्या वेटोळ्याकडे जातो. मी मशीन दुरुस्तीचं काम करतो, म्हणून सांगतो: तो मोह आवरा.

गाळपाच्या तोंडावर एक शेतकरी दादा धातूच्या बॉडीचं जुनं ड्रिल घेऊन आले. ट्रॉलीच्या अँगलला भोक पाडताना जबर झटका बसला होता. पायात कोरडी चप्पल होती म्हणून निभावलं. मशीन खोललं, तर तीच चपटी केबल. आतला क्लॅम्प गोल केबलसाठी असतो, त्यात चपटी केबल नीट आवळलीच गेली नव्हती. मशीन हलेल तशी ओढ थेट स्क्रूवर येऊन फेजची तार निसटली आणि बॉडीला टेकली. या केबलीत लाल, पिवळी, निळी अशा तीन फेजच्याच तारा. अर्थिंगची हिरवी नसतेच. तिसरी तार कुणीतरी छाटून टाकलेली. अर्थिंग धड असती तर फ्यूज उडाला असता. इथे करंटनं माणसातून वाट काढली.

केबल घेण्याआधी मशीनवरची पट्टी वाचा. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर दोन तारांची केबल लागते. खूण नसेल आणि बॉडी धातूची असेल, तर अर्थिंगसह तीन तारांचीच घ्या.

मग जाडी. वॅटला 230 ने भागा, अँपिअर मिळतात. 850 वॅटचा हात-ग्राइंडर चारच्या आत राहतो. त्याला 1 चौरस मिलिमीटर पुरते. दुकानात जुनी माणसं तिला ‘चाळीस-शहात्तर’ म्हणतात: 0.0076 इंच जाडीच्या 40 बारीक तारा. 2,300 वॅटचं 14 इंची कटर मशीन मात्र 10 अँपिअर ओढतं. त्याला दीडची केबल लावा, लांब न्यायची तर अडीचची. 1 चौरस मिलिमीटरच्या 30 मीटर केबलीत 10 अँपिअरला दहाएक व्होल्ट वाटेतच जिरतात, आणि आपल्याकडे व्होल्टेज आधीच मार खातं.

स्वस्त केबलीची एक तार ब्लेडनं खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. वाकवून वाकवून ते लवकर तुटतं, स्क्रूखाली सैल पडून तापतं. घराच्या भिंतीतली कडक वायरही नको. ती रोजच्या हालचालीसाठी नसते. ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे पीव्हीसीपेक्षा रबरी आवरणाची केबल टिकते. रबरीवर आयएस 9968, पीव्हीसीवर आयएस 694 छापलंय का पाहा.

जोडताना क्लॅम्प बाहेरच्या आवरणावर आवळा, आतल्या तारांवर नाही. तोंडाशी असलेली रबरी नळी फेकू नका. केबल तिथेच मोडते. अर्थिंगची तार आत थोडी लांब ठेवा, म्हणजे ओढ बसली तरी ती सगळ्यात शेवटी सुटेल. मधे टेपचा जोड चालत नाही.

तीन तारांच्या मशीनला करंट देण्याआधी मल्टिमीटर बझरवर ठेवून त्याची एक पिन प्लगच्या जाड, अर्थिंगच्या पिनेला, दुसरी बॉडीच्या उघड्या धातूला लावा. मीटर वाजला नाही, तर मशीन पुन्हा खोला.