तानसा खोऱ्यातील उष्णोदक कुंडे आणि अवगाह स्वेद

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कित्येक वातरुग्ण माळशेज घाट उतरून वज्रेश्वरीच्या कुंडांवर जातात. गुण आला अथवा दुखणे बळावले, हे परतल्यावर ते वैद्यांस सांगतात. जाण्यापूर्वी मात्र क्वचितच विचारतात. म्हणून या विषयाचा येथे विचार करीत आहोत.

मंदाग्नी पर्वताच्या पायथ्याशी, तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे ही कुंडे आहेत. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. स्वामी नित्यानंदांच्या वास्तव्यामुळे (समाधी १९६१) गणेशपुरीचे तीर्थमाहात्म्य वाढले. पुढे सहलीही येऊ लागल्या. आरोग्यस्नानाचा मूळ हेतू मागे पडला.

हे पाणी 'गंधकाचे' असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः कोकणातील अशा झऱ्यांत सोडियम व कॅल्शियम यांची क्लोराइडे प्रमुख असतात. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, भूगर्भातील उष्णतेने तापते व वर येते; ज्वालामुखीशी त्याचा संबंध नाही. तेव्हा गुणाचे श्रेय प्रथम उष्णतेस द्यावे.

चरकाचार्यांनी तेरा अग्निस्वेदांत अवगाहाची गणना केली आहे. निराम संधिगत वातात स्नेहनोत्तर अवगाह उपकारक ठरतो. परंतु साम आमवातात रूक्ष स्वेद विहित आहे. तेथे वालुकापोट्टली हवी, कुंड नव्हे. एकाच गाडीतून गेलेल्या दोघांपैकी एकास उपशय व दुसऱ्यास अनुपशय होतो, तो यामुळेच! मधुमेही, गर्भिणी व रक्तपित्ती यांस तर शास्त्रानेच स्वेद निषिद्ध केला आहे. मधुमेह्याच्या पायांची संवेदना मंदावलेली असल्यास पाय भाजले तरी त्यास कळत नाही, हा धोका आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. हृद्रोग्यासही कुंडात पाठवू नये.

युरोपातील कार्लोव्ही व्हारी येथे झऱ्याचे पाणी किती व केव्हा प्यावे, हे तेथील वैद्य लिहून देतात. आपल्याकडे ती प्रथा नाही. निदान आपण रुग्णाच्या कागदावर अवस्था, स्नानाचा काळ व निषेध लिहून द्यावेत. पाण्याची उष्णता कुंडागणिक भिन्न असते, म्हणून सोबत्याने आधी हात घालून पाहावे. डोक्यावर उष्ण पाणी घेऊ नये. घाम येऊन जडपणा उतरताच बाहेर यावे.

औषधी दुकानदारांनी तेल देताना अंग पुसून मगच कुंडात उतरण्यास सांगावे. कुंडाचे बाटलीबंद पाणी 'पोटात घेण्याचे औषध' म्हणून कोणी आणून दिल्यास ते विक्रीस ठेवू नये.