पायाच्या भेगा आणि चिखल्या : घरचे उपाय व त्यांची हद्द



लागणीपासून तोडणीपर्यंत उसाची निगा कशी राखावी, याचा आपण नेहमी विचार करतो. पण हा सारा पसारा ज्या पायांवर उभा आहे, त्यांच्याकडे कोण बघतो? रात्रीच्या पाळीला वीज आली की आपण अनवाणीच सरीत उतरून दारे धरतो. सकाळी बोटांच्या बेचक्यात चिखल्या. थंडीत टाचा उललेल्या. विचारले तर उत्तर ठरलेले, "पायाला काय होतंय? शेतकऱ्याचा पाय हाय!"

आमचे म्हणणे एवढेच, की पायाची भेग हेही एक दारच आहे. ते उघडे राहिले की चिखलातली घाण आत शिरणार.

भेगांसाठी : तळपायाच्या कातडीत तेलाच्या ग्रंथी नसतात, म्हणून ती लवकर कोरडी पडून उलते. रात्री कोमट पाण्यात 10-15 मिनिटे पाय बुडवावेत, वजरीने हलक्या हाताने घासावेत व कोरडे करून कोकमाचे तेल किंवा खोबरेल भरावे. मलम हवे असेल तर एक वाटी खोबरेल मंद आचेवर तापवून त्यात पाव वाटी मधमाशीचे मेण विरघळवावे आणि गाळून डबीत भरावे. वरून जुने सुती मोजे घातले की अंथरूणही खराब होत नाही. भेगा ब्लेडने तासू नयेत.

चिखल्यांसाठी : इथे तेल नको, कोरडेपणा हवा. रानातून आल्याबरोबर साबणाने पाय धुवावेत आणि प्रत्येक बेचके फडक्याने टिपावे. मेंदीचा ताजा पाला वाटून लावण्याची आपल्या बायकांची रीत चांगली आहे. मात्र काळ्या रंगाची तयार मेंदी लावू नये, तिच्यात रसायन असते. आठ-दहा दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांकडून बुरशीचे मलम घ्यावे.

हे करू नये : भेगेत बिब्बा घालू नये, तो उतला म्हणजे दुखणे दुप्पट. खोडव्यात बुडख्याचा धस लागला तर जखमेवर शेण, माती, तंबाखू दाबू नये. धनुर्वाताचे जंतू शेणामातीतच असतात. जखम साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून इंजेक्शनचे विचारावे.

उंदराचा ताप : उसात उंदीर फार. त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात उतरतात व पायाच्या भेगेतून शरीरात जातात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये ऊसतोड कामगारांना या रोगाने इतके छळले, की उंदीर हटवण्यासाठी ऊस जाळूनच तोडू द्या, या मागणीसाठी त्यांनी 1935 साली संप केला. पाण्यात काम केल्यावर पंधरवड्यात जोराचा ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर काढा पीत बसू नये. "उसात पाणी पाजत होतो," हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. तेवढ्या एका वाक्याने निदान लवकर होते.

मधुमेह असलेल्यांनी : आपण साखर पिकवतो, पण ती रक्तात वाढली की पाय बधिर होतात. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, ही त्याची खूण. अशांनी गरम पाणी, वजरी, चटका यांच्या वाटेला जाऊ नये. रोज संध्याकाळी तळपाय पाहावेत. दिसत नसतील तर नातवंडांना पाहायला लावावेत. न दुखणारी जखम हीच जास्त भिण्यासारखी, कारण उशीर झाला तर पाय कापावा लागतो.

बारे देताना गमबूट घालावेत. पाय वाचला तर पुढचा खोडवाही राखता येतो. आणि आपल्या फडात येणाऱ्या तोडणी कामगारांनाही हे समजावून सांगावे, त्यांचे पाय तर दिवसभर धसांवरच असतात.