अम्लपित्तातील पथ्य आणि कुंडीतील सौम्य मिरची

अम्लपित्ताच्या रुग्णास ‘मिरची पूर्ण वर्ज्य करा’ असे सांगणे सोपे, पाळणे मात्र कठीण असते. चार दिवस रुग्ण बेचव जेवतो, पाचव्या दिवशी ठेच्याकडे वळतो आणि दोष औषधाच्या माथी मारतो. सांगितलेले पथ्य पाळता येईल असे करून देणे, हेही चिकित्सेचेच अंग होय. सौम्य मिरचीचा विचार येथे त्या हेतूने केला आहे.

शास्त्रविचार

बृहत्त्रयीतील ‘मरिच’ म्हणजे काळी मिरी. मिरची मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती भारतात आली व उत्तरकालीन निघंटूंत ‘कटुवीरा’ या नावाने समाविष्ट झाली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २६व्या अध्यायात कटु रसाचे मुखशोधन, अग्निदीपन इत्यादी गुण सांगून अतिसेवनाने होणारे दाह, तृष्णा, भ्रम हे विकारही वर्णिले आहेत. त्याच स्थानाच्या ७व्या अध्यायात अहितकर सवय पादांशाने, म्हणजे चतुर्थांश-चतुर्थांशाने, सोडावी व तितक्याच अंशाने हितकर द्रव्य स्वीकारावे, असा क्रम आहे. तिखट मिरचीची जागा घेणारे द्रव्य घरात नसेल, तर हा क्रम कागदावरच राहतो.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या घटकामुळे असतो व तो बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात तयार होतो. ढोबळी मिरचीत तो जवळजवळ नसतो, भावनगरीत अल्प असतो. गाभा काढून टाकल्यास तिखटपणा आणखी उतरतो.

लागवड

बारा इंची कुंडीत माती, चांगले कुजलेले शेणखत व थोडी वाळू घालावी. रोपे चार ते सहा आठवड्यांची झाली की एका कुंडीत एकच लावावे. पाच-सहा तास ऊन हवे. ढोबळीस थंड हवामान मानवते. कडक उन्हाळ्यात तिची फुले गळतात, म्हणून पावसाळा ओसरताना लावणे बरे. पाणी नियमित द्यावे. पाण्याचा ताण पडल्यास भावनगरीही तिखट होऊ शकते. पाने आकसून चुरडामुरडा दिसू लागल्यास पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा.

बियाण्याविषयी एक अनुभव सांगण्याजोगा आहे. आमच्या एका रुग्णेने घरच्या भावनगरीचे बी राखून पुढील वर्षी पेरले. शेजारच्या कुंडीत लवंगी मिरची होती. नव्या झाडाची फळे दिसायला तशीच, पण तिखटजाळ निघाली. शांत झालेला दाह पुन्हा उसळला. मधमाश्यांमुळे परागसंकर झाल्यास त्याच वर्षीच्या फळाचा तिखटपणा बदलत नाही. संकर बियांत उतरतो व पुढच्या पिढीत प्रकट होतो. म्हणून दरवर्षी खात्रीचे बी आणावे, किंवा बियाण्यासाठी राखलेल्या फुलांवर उमलण्यापूर्वीच मलमलीची पिशवी बांधावी. नव्या झाडाचे पहिले फळ घरातील निरोगी व्यक्तीने चाखून पाहावे.

पाककृती व क्रम

भावनगरी मिरची उभी चिरून गाभा काढावा. भाजलेले मुगाचे पीठ, धने-जिरे पूड, ओले खोबरे, कोथिंबीर, सैंधव व किंचित साखर यांचे सारण भरून थोड्या तुपावर झाकून वाफवावी. ढोबळी आचेवर भाजून साल काढल्यास पचनास सुलभ पडते; तुपात जिऱ्याची फोडणी देऊन तिची भाजी करावी. पीठ पेरायचे झाल्यास बेसनाऐवजी मुगाचे घ्यावे. मिरची तळू नये.

प्रथम नित्याच्या तिखटातील चौथा हिस्सा कमी करून तेथे सौम्य मिरची वापरावी. लक्षणे स्थिर राहिल्यावरच पुढचा हिस्सा कमी करावा. कुटुंबाचा स्वयंपाक एकच राहिल्याने रुग्णास वेगळे पान वाढावे लागत नाही आणि पथ्य टिकते.

मात्र रक्ताची उलटी, काळी मलप्रवृत्ती, वजन घटणे किंवा तीव्र परिणामशूल असल्यास हा प्रयोग करू नये. प्रथम तपासणी करून निदान निश्चित करावे. इतर रुग्णांस वैद्यबंधूंनी ‘मिरची बंद’ एवढेच न लिहिता कोणती मिरची, किती व कशी शिजवून खावी, हेही लिहून द्यावे.