पाराशरीच्या काठी

नाशिकहून मालेगावला जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही कधी बसला आहात का? मुंबई-आग्रा महामार्गाने जाताना ओझर मागे पडते आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना हिरवे मांडव दिसू लागतात. ते लग्नाचे मांडव नव्हेत, द्राक्षांचे आहेत. कंडक्टर हाक देतो, "पिंपळगाव, पिंपळगाव!" हेच निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत.

गाव पाराशरी नदीच्या काठी वसले आहे. पाराशरी ही काही गंगा-गोदावरीसारखी मोठी नदी नाही. पावसाळ्यात ती भरून वाहते आणि उन्हाळ्यात तिचे पात्र सुकते. तालुक्यातील मोठ्या नद्या म्हणजे गोदावरी आणि कादवा. त्यांचा संगम नांदूरमधमेश्वर येथे होतो. तेथील जलाशयावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. २०२० साली या जागेला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील ते पहिले रामसर स्थळ होय. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्मही याच तालुक्यात, निफाडला, १८४२ साली झाला.

पिंपळगाव आता पूर्वीसारखे लहान खेडे राहिलेले नाही. तेथे नगरपरिषद आहे, मोठी बाजार समिती आहे. पण गावाची घडी अजून शेतीवरच चालते. शेतकऱ्यांचे बोलणे ऐकाल तर तुम्हाला गंमत वाटेल, कारण त्यातले कितीतरी शब्द तुमच्या ओळखीचे निघतील. जमीन, बाग, मजूर, हंगाम, हिशेब, बाजार! 'खरीप' आणि 'रब्बी' हे शब्दही तुमचेच. उर्दूत 'खरीफ' म्हणजे पानगळीचा ऋतू आणि 'रबी' म्हणजे वसंत. ज्या ऋतूत पीक हाती येते, त्याचे नाव त्या पिकाला मिळाले. आपल्याकडे मात्र पाऊस पडला की खरिपाची पेरणी होते आणि थंडीत रब्बीचा गहू डोलतो.

या भागात द्राक्षे आणली ती शेजारच्या ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी, १९२५ साली. आज द्राक्ष म्हटले की नाशिक जिल्हा आठवतो. द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमधील छाटणीने नवीन काड्या वाढतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी होते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड बाहेर पडतात. मग घडातील जास्तीचे मणी कात्रीने काढून टाकतात. याला विरळणी म्हणतात. एवढे चांगले मणी का कापायचे, असे तुम्हाला वाटेल. पण दाटी झाली तर एकही मणी नीट फुगत नाही. हे काम नाजूक असते. त्यासाठी पेठ, सुरगाणा या आदिवासी भागांतून मजूर येतात. छाटणीपासून साधारण चार महिन्यांनी घड गोड होतात.

हे चार महिने शेतकऱ्याला शांत झोप नसते. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा फार खाली उतरतो. कडाक्याच्या थंडीने मण्यांची वाढ थांबते, तयार मण्यांना तडे जातात. मग लोक पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचे पाणी वेलींना सोडतात. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते, म्हणून ही युक्ती. परंतु गारांवर कोणाची युक्ती चालणार? २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड तालुक्यात गारपीट झाली आणि घडांनी लगडलेल्या बागा थोड्याच वेळात झोडपून निघाल्या. वर्षाची मेहनत, औषधांचा खर्च, बँकेचे कर्ज, सारे त्या वेलींवर होते.

पीक वाचले तरी भावाचा प्रश्न उरतोच. ऑगस्टनंतर येथील बाजार समितीत टोमॅटोच्या क्रेटचे डोंगर उभे राहतात. टोमॅटो दोन दिवस थांबत नाही. मिळेल त्या भावाला तो विकावाच लागतो. कधी तर तोडणीची मजुरीही सुटत नाही. कांदा त्या मानाने सोशिक. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो. पण सगळ्यांचा कांदा एकदम बाजारात आला की त्याचाही भाव कोसळतो.

याच कारणाने १९८० साली हा सारा मुलूख पेटून उठला होता. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने कांदा आणि उसाला रास्त भाव मिळावा म्हणून आंदोलन पुकारले. पिंपळगावचे माधवराव मोरे त्यांच्या बरोबर होते. शेतकरी महामार्गावर आणि रेल्वेमार्गावर येऊन बसले. १० नोव्हेंबरला खेरवाडी स्टेशनजवळ पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दोन शेतकरी मृत्युमुखी पडले. तुम्ही एस.टी.तून जो रस्ता झर्रकन मागे टाकता, तो तेव्हा माणसांनी भरून गेला होता.

आता थोडे गोड बोलू. बागेत गेलात तर जातींची नावे विचारा. 'तास-ए-गणेश' हे नाव ऐकून तुम्हाला 'दर्द-ए-दिल' आठवेल, पण हा 'ए' उर्दूतला नव्हे. तो इंग्रजी अक्षर 'ए' आहे आणि 'तास' म्हणजे सांगली जिल्ह्यातील तासगाव. ज्या 'थॉम्पसन सीडलेस' वेलीतून ही जात निवडली, तिला परदेशात 'सुलताना' म्हणतात. तिच्या घडात बी नसते. हीच द्राक्षे शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत वाळवली की त्यांचा बेदाणा होतो. 'बे' म्हणजे शिवाय आणि 'दाणा' म्हणजे बी. ईदच्या दिवशी शीरखुर्म्यात तुम्ही जी किशमिश खाता, तिला पिंपळगावचा शेतकरी बेदाणा म्हणतो.