दारू बंद केल्यावरचे पहिले चार दिवस

प्रश्न : माझे यजमान रोज पीत. काल सकाळपासून एकदम बंद केली. हात थरथरतात, घाम येतो, झोप नाही. लिंबूपाणी पुरेल का?

उत्तर : नाही, ताई. आजच डॉक्टरांकडे न्या. फिट बहुधा पहिल्या 48 तासांत येते. भास, बडबड, ताप हे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतात आणि जिवावर बेतू शकतात. तसं दिसलं तर थेट 108. डॉक्टर हळूहळू कमी करत नेण्याच्या गोळ्या आणि थायमिन देतात. ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन मिळायला हवं, म्हणून पिण्याचं प्रमाण लाजेपोटी लपवू नका. शेजाऱ्यांची झोपेची गोळी नको. चहात गुपचूप मिसळायच्या पुड्या तर मुळीच नकोत! पुढच्या उपचारांसाठी 14446 ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.