आवृत्ती ९९

माकणीत माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. तीन संगणक, तिन्हींवर उबुंटू २२.०४. जुलैत पीकविम्याची मुदत चार दिवसांवर आली आणि प्रिंटर बंद पडला. नवा आणला, तर त्याचं पॅकेज बसेना. अवलंबून असलेल्या पॅकेजांचा मेळ लागत नाही, एवढंच उत्तर. बाहेर ओट्यावर आधार आणि पासबुक घेऊन शेतकरी बसलेले. त्यांना लोहाऱ्याला पाठवावं लागलं. ते अजून डोक्यातून जात नाही.

संगणक बसवून देणाऱ्यांनी स्वतःची खासगी रिपॉझिटरी जोडून दिली होती. अपडेट करताना तिच्यापुढे कित्येक दिवस ४०१ येत होता, म्हणजे प्रवेश नाकारलेला. माझं लॉगिन त्यांनी बंद केलं होतं. वर्षाचे पैसे भरल्याची पावती माझ्याकडे आहे. फोन केला तर म्हणतात, "काका, मशीन चालायलंय ना? मग कशाला उकरायलाव?"

कारण शोधायला त्या रात्री मी कप्सच्या, म्हणजे छपाई सांभाळणाऱ्या प्रणालीच्या, पॅकेजांवर 'ॲप्ट पॉलिसी' चालवलं आणि बसूनच राहिलो. कप्सच्या सगळ्या पॅकेजांचे आवृत्तीक्रमांक ९९ ने सुरू होणारे, आणि सगळी त्यांच्या रिपॉझिटरीतली. उबुंटूच्या आणि त्यांच्या रिपॉझिटरीचा अग्रक्रम सारखाच, ५००. अशा वेळी ॲप्ट मोठा आकडा घेतं. म्हणजे कप्ससाठी उबुंटूची कुठलीही दुरुस्ती माझ्या मशीनवर पोचणारच नव्हती. २६ सप्टेंबर २०२४ ला कप्स-ब्राउझ्डमधली भोकं जाहीर झाली. ६३१ नंबरच्या पोर्टवरून परक्याने खोटा प्रिंटर घुसवायचा, त्यावर छपाई सोडली की त्याची आज्ञा आपल्या संगणकावर चालायची. उबुंटूने लगेच दुरुस्ती दिली. माझ्याकडे ९९ होता! लोकांचे आधार, खाते क्रमांक त्याच मशीनवरून जात होते. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायचं काम त्यांचं होतं.

आता तुम्ही बाहेरची रिपॉझिटरी जोडणार असाल तर आधी विचारा, यातून नेमकी कोणती पॅकेजं हवीत? तेवढ्यांनाच वाट द्या. 'प्रेफरन्सेस डॉट डी'मध्ये त्या रिपॉझिटरीच्या सगळ्या पॅकेजांना उणे १ अग्रक्रम, आणि हव्या त्या एकदोन नावांना ५००. बसवताना पॅकेजातल्या स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालतात, त्यामुळे हा निव्वळ टापटिपीचा प्रश्न नाही. रिपॉझिटरीची सही तपासायची किल्ली 'कीरिंग्ज' फोल्डरमध्ये ठेवून सोर्सच्या ओळीत 'साइन्ड-बाय' लिहा. 'ट्रस्टेड डॉट जीपीजी डॉट डी'मध्ये टाकलेली किल्ली 'साइन्ड-बाय' नसलेल्या कुठल्याही रिपॉझिटरीसाठी चालते. माझ्याकडे तर सरळ 'ट्रस्टेड बरोबर यस' लिहिलेलं होतं, म्हणजे सहीची तपासणीच नाही. अशी ओळ दिसली तर काम घेणाऱ्याला समोर बसवून जाब विचारा.



रिपॉझिटरी काढली म्हणजे पॅकेजं जात नाहीत, हेही लक्षात ठेवा. पीपीए असेल तर 'पीपीए-पर्ज' पॅकेजं मूळ आवृत्तीवर आणतं. खासगी रिपॉझिटरीला ती सोय नाही. मी एकेक पॅकेज उबुंटूचा आवृत्तीक्रमांक देऊन खाली उतरवलं, प्रत्येक मशीनला दीड-दोन तास. तिसऱ्या मशीनवर पहिली पावती छापून निघाली तोवर विम्याची मुदत उलटली होती.