पावसाळ्यात घरातील मनी प्लांटची निगा

महाराष्ट्रात घरोघरी मनी प्लांट या नावाने ओळखली जाणारी वेल मूळची प्रशांत महासागरातील सोसायटी बेटांपैकी मोओरिआ या बेटावरची असून ती अळू आणि सुरण यांच्याच कुळातील आहे. मोठ्या वृक्षांच्या खोडांना बिलगून वर चढणाऱ्या या वेलीला दमट हवा मानवते, परंतु मुळांशी तुंबलेले पाणी मानवत नाही, आणि जून ते सप्टेंबर या काळातील निगेचा सारा विचार या एका भेदावर उभा आहे.

ढगाळ दिवसांत घरातील प्रकाश घटतो, बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांच्या सूक्ष्म छिद्रांवाटे पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडण्याची क्रिया, मंदावते आणि कुंडीतील माती सावकाश वाळते. अशा वेळी उन्हाळ्यातील पाण्याचा परिपाठ तसाच चालू ठेवल्यास मातीतील पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना प्राणवायू मिळत नाही व कुजविणाऱ्या बुरशीचे फावते. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नसल्याने माती ओली असतानाही पाने मलूल दिसतात, आणि ही तहानच समजून आणखी पाणी घातले जाते. घरातील बहुतेक वेली कीड-रोगांपेक्षा या मायेनेच दगावतात. म्हणून वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे, बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे आणि तळाला छिद्र नसलेली शोभेची कुंडी टाळावी. निचऱ्यासाठी मातीत कोकोपीट व जाड वाळू मिसळावी. खत या दिवसांत बेतानेच पुरे.

दमट हवेचा लाभ मात्र पुरेपूर घ्यावा. पेरांतून, म्हणजे खोडावर जिथे पान फुटते त्या सांध्यांतून, निघणारी हवाई मुळे काथ्याच्या ओलसर खांबाला याच दिवसांत चांगली धरतात, आणि आधाराने चढणाऱ्या वेलीची पाने लोंबत्या वेलीच्या पानांहून मोठी होतात. जिबरेलिन या वाढ-संप्रेरकाच्या अभावामुळे या वेलीला सहसा फुलेच येत नाहीत, त्यामुळे अभिवृद्धी छाट कलमांनीच करावी लागते; प्रत्येक तुकड्यावर किमान एक पेर हवे, कारण नुसत्या पानापासून नवा कोंब फुटत नाही. पानांवरील पिवळसर छटा लोपू लागल्यास कुंडी खिडकीजवळ सरकवावी.

बाटलीतील पाण्यात वेल लावण्याची पद्धत पावसाळ्यात जोखमीची ठरते, कारण डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यालगत अंडी घालतो आणि उबदार हवेत सुमारे आठवडाभरात त्यांतून डास तयार होऊ शकतो. ही अंडी भांड्याच्या आतील कडेला चिकटत असल्याने पाणी आठवड्यातून एकदा तरी बदलताना बाटली आतून घासणेही आवश्यक असते.

पानांत व खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, जे चावल्यास तोंडाची आग होऊन सूज येते. म्हणून लहान मुले व मांजर-कुत्री यांच्यापासून वेल दूर ठेवावी. छाटणीतून उरलेले तुकडे ओढ्याकाठी वा रानात टाकू नयेत, कारण हवाई बेटांवर आणि श्रीलंकेत बागेबाहेर पडलेल्या या वेलीने स्थानिक वनस्पतींवर आक्रमण केले आहे आणि कोकणातील हवा तिला तितकीच अनुकूल आहे.